सांधेदुखीचं सोनं आणि कॅन्सरचं प्लॅटिनम : धातू असलेल्या दाहशामक औषधांबद्दल

जुनी प्रयोगशाळा
रविवार, सकाळी १०:२०

१९८४ साली मी कोल्हापूरला एम.एस्सी. करत होते आणि मिरजेच्या घरी स्वयंपाकघराच्या फळीवर माझा स्पिरिटचा दिवा असायचा. दर गुरुवारी सकाळी आक्काची लघवी परीक्षानळीत घ्यायची, नळी तिरकी धरून वरचा भाग उकळायचा आणि मग ॲसेटिक आम्लाचे तीन-चार थेंब सोडायचे. आलेला गढूळपणा आम्लाने विरला तर ते फॉस्फेट, काळजी नाही. नाही विरला तर प्रथिन. म्हणजे मूत्रपिंडाला सोनं बाधतंय, त्या आठवड्याचं इंजेक्शन रद्द.

सोनं म्हणजे खरंच सोनं. आक्काला एकोणतिसाव्या वर्षी आमवात झाला, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. बोटं इतकी सुजायची की लाटणं धरवत नसे. तेव्हा सोडियम ऑरोथायोमॅलेटची इंजेक्शनं देत. पहिल्या आठवड्यात १० मिलिग्रॅम, मग २५, मग दर आठवड्याला ५०, अशी एकूण ग्रॅमभर होईपर्यंत. पहिले तीन महिने काहीच फरक दिसला नाही. आई तर बंद करू या म्हणत होती. चौथ्या महिन्यात एका सकाळी आक्काने स्वतःची वेणी स्वतः घातली आणि आम्हाला दाखवायला ओसरीवर आली.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की आक्काच्या मुलीने परवा मला एक निरोप पुढे पाठवला : ‘संधिवाताच्या सोन्याच्या गोळीने कॅन्सर बरा होतो, औषध कंपन्यांनी लपवून ठेवलेलं सत्य.’ तिच्या सासरी एक जण आजारी आहे. तिने विचारलं, मावशी, यात काही तथ्य आहे का?

तथ्य आहे, पण निरोपात लिहिलंय ते नाही. मी तीस वर्षं अकार्बनी रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे नीट सांगणं मला माझं काम वाटतं.

आधी इतिहास. १८९० मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांनी सांगितलं की सोन्याचं सायनाइड परीक्षानळीत क्षयाच्या जंतूंची वाढ थांबवतं. त्यावरून पुढे क्षयरोग्यांना सोन्याचे क्षार देऊ लागले. आमवातही क्षयासारखाच जंतूंमुळे होत असावा, असा त्या काळी एक समज होता. त्या समजातून फ्रान्समध्ये झाक फोरेस्तिए यांनी सांध्यांच्या रुग्णांना सोनं दिलं आणि १९२९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. समज चुकीचा निघाला. सूज मात्र खरोखर उतरत होती.

इंजेक्शनऐवजी गोळी हवी म्हणून ऑरॅनोफिन तयार झालं. अमेरिकेत त्याला १९८५ मध्ये मान्यता मिळाली. या रेणूत सोन्याच्या एका अणूला एकीकडून फॉस्फिन धरतं आणि दुसरीकडून गंधक असलेली साखर. वजनाच्या हिशेबाने २९ टक्के सोनं. दिवसाचा डोस ६ मिलिग्रॅम, म्हणजे रोज पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास सोनं. एक ग्रॅम सोनं पोटात जायला दीड वर्षाच्या वर लागेल.

हे सोनं पेशीत जाऊन काय करतं? चांदीचे पैंजण पेटीत ठेवले तरी काळे पडतात, कारण हवेतल्या गंधकाला चांदी सोडत नाही. सोन्याचा धातू तसा काळा पडत नाही, पण संयुगातलं एक प्रभार असलेलं सोनं गंधकाला असंच घट्ट बिलगतं आणि गंधकाचा भाऊ सेलेनियम समोर आला तर त्याहून घट्ट. आपल्या पेशींत थायोरेडॉक्सिन रिडक्टेज नावाचं एक एन्झाइम असतं आणि त्याच्या कामाच्या जागी नेमका सेलेनियम असतो. सोनं तिथे जाऊन बसलं की एन्झाइम बंद पडतं.

हे एन्झाइम पेशीला ऑक्सिडीकरणापासून सांभाळतं. सतत वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशीत तो ताण आधीच जास्त असतो. तिचा आधार काढला तर ती निरोगी पेशीच्या आधी कोसळेल, असं गणित. म्हणून ऑरॅनोफिनकडे कॅन्सरचे संशोधक पुन्हा वळले. रक्ताच्या एका प्रकारच्या दीर्घकालीन कॅन्सरमध्ये, अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये लहान चाचण्या झाल्या.

मान्यताप्राप्त उपचार मात्र त्यातून आजवर झालेला नाही. याचं एक कारण १९८५ मध्येच दिसलं होतं. तेव्हा उंदरांवर प्रयोग झाले. पी-३८८ नावाचा रक्ताचा कॅन्सर उंदराच्या पोटाच्या पोकळीत सोडला आणि औषधही त्याच पोकळीत टोचलं, तेव्हा उंदीर जास्त जगले. इतर प्रकारच्या गाठींवर मात्र उपयोग झाला नाही. काचेच्या बशीत औषध थेट पेशीवर पडतं. शरीरात त्याला आधी रक्त भेटतं आणि रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनावरही गंधक आहे. सोनं वाटेतच तिथे अडकतं.

आता तुमचे प्रश्न येऊ देत. जमेल तेवढी उत्तरं देईन.

सोलापुरी चादर
रविवार, दुपारी १२:०५

ताई, फार सुंदर लिहिलंत. वेणीचं वाचून आमची आजी आठवली.

पण एक शंका आहे. ऑरॅनोफिन जुनं औषध, पेटंट कधीच संपलंय. त्यात पैसा नाही म्हणून मोठ्या चाचण्या होत नाहीत, हे तर खरं ना? मग त्या निरोपातलं ‘लपवलं’ अगदीच खोटं कसं म्हणायचं?

जुनी प्रयोगशाळा
रविवार, दुपारी १:३०

पैशाची अडचण खरी आहे. जुन्या औषधाला नवा उपयोग शोधायचा तर कोट्यवधींच्या चाचण्या कुणी करायच्या, हा प्रश्न जगभर आहे. पण लपवणं वेगळं. यावरचे निबंध शेकड्याने छापलेले आहेत, कुणीही वाचावेत.

आणि पैसा ओतला म्हणजे औषध निघतंच असंही नाही. सॅट्राप्लॅटिनचं उदाहरण घ्या. प्लॅटिनमचं औषध, तेही तोंडाने घ्यायचं. किती सोय झाली असती! प्रोस्टेटच्या कॅन्सरवर ९५० रुग्णांची मोठी चाचणी झाली. आजार वाढायला थोडा उशीर लागला, पण रुग्ण जास्त जगले नाहीत. २००९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि औषध मागे पडलं. त्यात काही लपवलं गेलं नाही, सगळं छापून आलं.

लिगंड
रविवार, सायंकाळी ६:४८

मॅडम, धागा पाहून राहवलं नाही. मी जर्मनीत पीएच.डी. करतोय, विषय प्लॅटिनमची संयुगं. प्लॅटिनम आणि दाहशामक औषध एकाच रेणूत बांधायचं, हेच आमच्या प्रयोगशाळेचं काम. घरी आईला समजावताना माझी दमछाक होते, म्हणून इथे मराठीत लिहून बघतो.

सिसप्लॅटिन हा चपटा रेणू. मध्ये प्लॅटिनम, त्याला चार हात : दोन अमोनियाचे, दोन क्लोरिनचे. इटलीच्या मिकेले पेरोने यांनी तो १८४४-४५ च्या सुमारास बनवला होता. शंभरावर वर्षं तो फक्त रसायनशास्त्राच्या पुस्तकांत पडून होता. १९६५ मध्ये मिशिगनला बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. जिवाणू वाढत होते पण दुभंगत नव्हते, नुसते लांबच लांब धागे होत होते. कारण वीज नव्हती. विजेच्या पट्ट्या प्लॅटिनमच्या होत्या आणि त्यातलं थोडं प्लॅटिनम द्रावणात विरघळत होतं. पेशीचं विभाजन थांबतंय म्हटल्यावर पुढचा विचार कॅन्सरचाच. १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. वृषणाच्या कॅन्सरमध्ये तर या औषधाने चित्रच पालटलं.

आता दुसरी पायरी. प्लॅटिनमचं ऑक्सिडीकरण केलं की त्याला आणखी दोन हात फुटतात, एक वर, एक खाली. त्या हातांना आपल्याला हवं ते टांगता येतं. २०१४ मध्ये दोन गटांनी तिथे ॲस्पिरिन टांगलं. एक चीनमधला हेफेईचा गट, त्यांनी नाव दिलं ॲसप्लॅटिन. दुसरा अमेरिकेत शांता धर यांचा, त्यांचं प्लॅटिन-ए. पेशीच्या आत ग्लुटाथायोनसारखे पदार्थ असतात. त्यांनी प्लॅटिनमला इलेक्ट्रॉन दिले की वरखालचे दोन्ही हात गळून पडतात. आत सिसप्लॅटिन सुटतं आणि सोबत ॲस्पिरिन.

ॲस्पिरिनच का? गाठ आणि दाह यांचं नातं जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच सुचवलं होतं. गाठीच्या ऊतीत त्यांना पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या. आज आपल्याला माहीत आहे की अनेक गाठींत कॉक्स-२ हे एन्झाइम जोरात असतं आणि त्यातून बनणारं प्रोस्टाग्लँडिन गाठीला रक्तवाहिन्या मिळवून देतं, प्रतिकारशक्तीपासून लपवतं. ते एन्झाइम दाबलं तर प्लॅटिनमचं काम सोपं होईल, ही आशा. याच आशेने इतरांनी प्लॅटिनमला आयबुप्रोफेन, इंडोमेथॅसिन ही दाहशामक औषधं जोडून पाहिली. रुथेनियम या दुसऱ्या धातूलाही अशीच औषधं जोडली गेली आहेत.

मात्र आमच्याच क्षेत्राबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. सिसप्लॅटिनचं रेणूभार ३००, ॲस्पिरिनचं १८०. एका रेणूतून दोन्ही एकास एक सुटतात. म्हणजे १०० मिलिग्रॅम सिसप्लॅटिन सुटलं तर ॲस्पिरिन ६० मिलिग्रॅम. आणि ते तीन आठवड्यांतून एकदा. हृदयरोगी रोज ७५ मिलिग्रॅमची गोळी घेतात! मग हे जोडऔषध बशीत जास्त प्रभावी का दिसतं? माझं मत असं की बऱ्याचदा ॲस्पिरिन दाहशामक म्हणून तिथे काही करतच नाही. ते टांगल्यामुळे रेणू तेलकट होतो, पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि प्लॅटिनम जास्त पोचतं. निबंधाच्या शीर्षकात मात्र ‘दुहेरी कार्य’ येतं. हे तपासायला सोपा प्रयोग आहे : ॲस्पिरिनच्या जागी दाहाशी संबंध नसलेला, तेवढाच तेलकट तुकडा टांगा आणि तुलना करा. आमच्या गटात हा प्रयोग आधी होतो, बाकीचं नंतर. मला माझ्या मार्गदर्शकांची ही सवय फार मोलाची वाटते.

जुनी प्रयोगशाळा
रविवार, सायंकाळी ७:१५

लिगंड, ६० मिलिग्रॅमचा हिशेब वाचून मन प्रसन्न झालं. तुलनेसाठी दुसरा तुकडा टांगून बघणं, हे प्रत्येक विद्यार्थ्याने शिकावं. आईलाही हाच मजकूर वाचायला द्या, समजेल.

मावळतीकर
रविवार, रात्री ८:३०

माझं वय ७४. गुडघे धरतात म्हणून गेली सहा वर्षं हातात तांब्याचं कडं घालतो. मनगटाची कातडी हिरवी होते, म्हणजे तांबं अंगात जातंय असं सांगतात. तांब्याचा काही उपयोग आहे की नाही, एवढंच विचारायचं आहे.

लिगंड
रविवार, रात्री ९:१०

काका, नमस्कार. हिरवा डाग म्हणजे घामातल्या आम्लांनी आणि क्षारांनी झालेलं तांब्याचं संयुग, साबणाने जातं. ब्रिटनमध्ये ७० आमवाताच्या रुग्णांवर तांब्याच्या कड्यांची व्यवस्थित चाचणी झाली, २०१३ मध्ये निष्कर्ष आले. दुखणं, सूज, रक्तातली दाहाची खूण, कशातच फरक पडला नाही. कडं आवडत असेल तर जरूर घाला, अपाय नाही. फक्त गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडेही जा.

तांब्याची एक खरी गोष्ट मात्र आहे. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत जॉन सोरेन्सन यांनी दाखवलं की दाहशामक औषधं तांब्याला बांधली की प्राण्यांमध्ये जास्त प्रभावी ठरतात. ऑस्ट्रेलियात तांबं आणि इंडोमेथॅसिन यांचं संयुग घोड्या-कुत्र्यांसाठी वापरात आलं. नुसतं इंडोमेथॅसिन कुत्र्याच्या पोटाला फार वाईट, व्रण होतात. तांब्यासोबत ते खूप कमी झालं. सूक्ष्मदर्शकाला न दिसणारी त्याची रचना मला फार आवडते : दोन तांब्याचे अणू समोरासमोर आणि भोवती औषधाचे चार रेणू, पाणचक्कीच्या पात्यांसारखे. अशा तांब्याच्या संयुगांची कॅन्सरच्या पेशींवरही तपासणी चालू आहे. माणसाच्या उपचारापर्यंत ते आलेलं नाही.

पारदकुटी
रविवार, रात्री १०:५५

मी आयुर्वेदाचा वैद्य, नाशिक जिल्ह्यात माझं काम चालतं. हा विषय निघाला की सुवर्णभस्माचं नाव येणारच, म्हणून आधीच लिहितो.

सुवर्णभस्म आणि ऑरॅनोफिन यांत ‘सोनं’ हा शब्द सोडला तर साम्य शोधू नका. भस्म बनवताना शोधन (शुद्ध करणं), मारण (भस्म करणं), पुटं देणं (बंद भांड्यात भाजणं) हे सगळं करून सोन्याची अतिसूक्ष्म पूड होते. ती पाण्यावर तरंगली पाहिजे, याला वारितर म्हणतात. तर्जनी आणि अंगठ्यात चोळली की बोटाच्या रेषांत शिरली पाहिजे, ते रेखापूर्ण. उन्हात धरली तर चमक दिसता कामा नये, ते निश्चंद्र. गुरूंनी या तीन परीक्षा माझ्याकडून शेकडो वेळा करून घेतल्या. पण आधुनिक यंत्राखाली पाहिलं तर त्यात मुख्यतः सोन्याचा धातूच असतो, फार बारीक कणांत. ताईंनी सांगितलेलं प्रभार असलेलं सोनं ते नव्हे. तेव्हा ऑरॅनोफिनच्या निबंधांचा दाखला देऊन कुणी भस्म विकत असेल तर ते चूक आहे.

दुसरं, बाजारात भस्म म्हणून जे मिळतं त्यात काय आहे हे कळायला मार्ग नसतो. शिसं, पारा सापडल्याची उदाहरणं आहेत. माझ्याकडे गेल्या वर्षी एक बाई आल्या होत्या, केमो चालू होती आणि कुणीतरी दिलेल्या पुड्या घेत होत्या. मी पुड्या बंद केल्या आणि त्यांना त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना हे सांगायला लावलं. केमो चालू असताना मी स्वतः कुणालाही कुठलंच धातुभस्म देत नाही. मूत्रपिंड एकच काम एका वेळी नीट करू शकतं, असं माझे गुरू म्हणत.

जुनी प्रयोगशाळा
रविवार, रात्री ११:१०

वैद्यबुवा, तुम्ही हे लिहिलंत याचं वजन माझ्या दहा प्रतिसादांपेक्षा जास्त आहे. मनापासून आभार.

वाटसरू७१
सोमवार, सकाळी ७:०२

मी पहिल्यांदाच इथे लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या भावाला तोंडाचा कॅन्सर आहे. वय ४६. तंबाखू. शेक (रेडिएशन) आणि सोबत सिसप्लॅटिन चालू आहे. दोन डोस झाले, तिसरा पुढच्या मंगळवारी. घशात आतून सोललंय, पेज पण गिळताना डोळ्यांत पाणी येतं. दुखणं सहन होईना म्हणून मी गावातल्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं, आठ दिवस झाले, दिवसातून दोनदा देतोय.

लिगंड यांचं वाचलं की प्लॅटिनमसोबत दाहशामक असलं तर चांगलं. मग हे चालू ठेवू ना? डोस वाढवला तर चालेल का?

रात्रपाळी
सोमवार, सकाळी ७:४०

दादा, ती गोळी आत्ताच्या आत्ता बंद करा आणि आज, अगदी आज, तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा की आठ दिवस डायक्लोफिनॅक दिलंय. बाकीचं नंतर वाचा.

मी मुंबईत केमो वॉर्डात परिचारिका आहे, एकोणीस वर्षं झाली. सिसप्लॅटिन मूत्रपिंडातून बाहेर जातं आणि जाताना मूत्रपिंडाला दुखवून जातं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. दोन्ही एकत्र म्हणजे एकाच ठिकाणी दोन घाव. त्यात भाऊ नीट पाणी पीत नसतील, गिळता येत नाही म्हणता. उलट्या होतायत का? लघवी किती होते? रंग कसा आहे? क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, शेवटची कधी केलीय?

सिसप्लॅटिनच्या दिवशी आम्ही काय करतो ते सांगते, म्हणजे कळेल आम्ही मूत्रपिंडाला किती जपतो. औषधाच्या आधी सलाईन, नंतरही सलाईन, त्यात मॅग्नेशियम. लघवीचं भांडं प्रत्येकाचं वेगळं आणि दर वेळी मोजून तक्त्यावर लिहायचं. लघवी कमी पडली की मी डॉक्टरांना उठवते, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत. सिसप्लॅटिन मिठाच्या सलाईनमध्येच मिसळायचं, नुसत्या साखरेच्या नाही. ॲल्युमिनियम असलेली सुई त्याला लावायची नाही, प्लॅटिनम काळं होऊन खाली बसतं. उजेड लागू नये म्हणून पिशवीवर आवरण. इतकं सांभाळून दिलं जातं ते औषध. आणि घरी कुणी न विचारता मेडिकलमधली गोळी देतं.

रागावत नाहीये दादा. भावाचं दुखणं बघवत नाही म्हणूनच तुम्ही आणलंत. पण दुखण्यावर मूत्रपिंडाला न दुखवणारी औषधं आहेत, ती मागून घ्या. मागायला लाजू नका.

लिगंड
सोमवार, सकाळी ८:१५

वाटसरू दादा, माझ्या लिहिण्यातून असा अर्थ निघाला याचं मला फार वाईट वाटतंय. सिस्टरांचं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी जे लिहिलं ते प्रयोगशाळेतल्या एका रेणूबद्दल होतं. त्यात ॲस्पिरिन पेशीच्या आत सुटतं, तेही अगदी थोडं. तोंडाने घेतलेली डायक्लोफिनॅक अख्ख्या शरीरभर फिरते. दोन्हींचा काही संबंध नाही. हे मी पहिल्या प्रतिसादातच लिहायला हवं होतं.

सोलापुरी चादर
सोमवार, सकाळी १०:२०

वाटसरू, भावाला बरं वाटो. फोन झाला की इथे कळवा, सगळे वाट बघतोय.

एक विचारतो. मग कॅन्सरमध्ये दाहशामक गोळ्या डॉक्टर स्वतः कधीच देत नाहीत का?

रात्रपाळी
सोमवार, दुपारी ३:३०

देतात, आणि त्यातलं एक मोठं काम आपल्या मुंबईचंच आहे. परळच्या टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये, आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांवर चाचणी केली. ४२२ रुग्ण. एका गटाला दर तीन आठवड्यांनी सिसप्लॅटिन शिरेतून. दुसऱ्या गटाला घरी घ्यायच्या गोळ्या : आठवड्याला मेथोट्रेक्सेट (पेशींची वाढ रोखणारं औषध) आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब. सेलेकॉक्सिब म्हणजे सांधेदुखीचीच गोळी. सिसप्लॅटिनच्या गटात निम्मे रुग्ण ६.१ महिन्यांपुढे जगले, गोळ्यांच्या गटात ७.५ महिन्यांपुढे. गंभीर त्रासही कमी, ३० टक्क्यांच्या जागी १९ टक्के. २०२० मध्ये छापून आलं.

आकडा लहान वाटेल. पण तो दीड महिना आपल्या घरी, सुई न टोचता. गावाहून मुंबईला यायला दोन गाड्या बदलायच्या, धर्मशाळेत जागा मिळते का बघायचं, मजुरी बुडवून सोबत एक माणूस. मी ते रोज बघते. त्यामुळे मला हा निकाल फार मोठा वाटतो.

एक नीट लक्षात घ्या. त्या गोळ्यांच्या गटात सिसप्लॅटिन नव्हतंच. आणि प्रत्येक रुग्णाच्या रक्ताच्या तपासण्या ठरलेल्या होत्या. वाटसरू दादांच्या भावाची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा आजार बरा करायचा म्हणून शेक आणि सिसप्लॅटिन एकत्र चालू आहे. तिथे सिसप्लॅटिन पूर्ण होणं महत्त्वाचं. टाटाच्याच दुसऱ्या, ३०० रुग्णांच्या चाचणीत शेकासोबत दर तीन आठवड्यांनी दिलेला मोठा डोस आठवड्याच्या छोट्या डोसपेक्षा गाठ आटोक्यात ठेवायला सरस ठरला. म्हणून मूत्रपिंड सांभाळायचं. ते बिघडलं तर औषधच थांबवावं लागतं.

जुनी प्रयोगशाळा
सोमवार, सायंकाळी ५:००

सिस्टर, किती नेमकं लिहिलंत. मी जन्मभर फळ्यावर सिसप्लॅटिनचा चौकोन काढला. क्लोरिन आणि पाण्याची अदलाबदल शिकवली : रक्तात क्लोराइड भरपूर म्हणून रेणू शांत राहतो, पेशीत क्लोराइड कमी म्हणून क्लोरिन सुटतात आणि तो डीएनएला जाऊन चिकटतो. तुमची मिठाची सलाईन म्हणजे तोच धडा. पिशवीत क्लोराइड हवं, नाहीतर रेणू रुग्णापर्यंत पोचण्याआधीच बदलायला लागेल. ॲल्युमिनियमच्या सुईचं मात्र मी एकाही वर्गात सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देतं, प्लॅटिनमचा काळा धातू होतो. अकरावीची मुलंसुद्धा समीकरण लिहू शकतील.

वाटसरू, तुमच्या निरोपाची वाट बघते आहे. तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

मावळतीकर
सोमवार, सायंकाळी ६:१०

आक्कांचं पुढे काय झालं ते राहिलं. सोनं किती वर्षं चाललं?

जुनी प्रयोगशाळा
सोमवार, रात्री ८:४५

चौदा महिने. एका गुरुवारी आम्ल टाकल्यावर गढूळपणा तसाच राहिला. मी नळी धुऊन पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. आक्का दारात उभी होती, तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं, दोन महिन्यांत लघवी साफ झाली, पण सोनं पुन्हा सुरू केलं नाही. पुढे मेथोट्रेक्सेट आलं आणि त्यावर ती खूप वर्षं चांगली राहिली. आजही आमवातात पहिलं औषध तेच देतात. सोन्याची इंजेक्शनं मागे पडत गेली.

सोन्याने तिला ती चौदा महिन्यांची उसंत दिली हे मी विसरणार नाही. त्याच काळात तिचं लग्न ठरलं. म्हणून ‘सोन्याचं औषध’ म्हटलं की माझं मन लगेच ओढ घेतं, हेही कबूल करते. कदाचित ऑरॅनोफिन एखाद्या दिवशी एखाद्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये, दुसऱ्या औषधाच्या जोडीने, उपयोगी ठरेलही. मला ते मनापासून हवं आहे. पण जुलाब, पुरळ, लघवीतलं प्रथिन, रक्तपेशी कमी होणं हे सगळं त्याच्या सोबत येतं. एकदा अंगात गेलेलं सोनं लवकर जातही नाही, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला तीन-चार आठवडे लागतात. भाचीला मी हेच कळवलं आहे.

वाटसरू७१
मंगळवार, दुपारी १२:३५

सगळ्यांना नमस्कार. काल फोन लावला, त्यांनी लगेच बोलावलं. भावाला दोन दिवस भरती ठेवून घेतलंय.

क्रिएटिनिन आधी ०.९ होतं, ते १.६ झालंय. डॉक्टर म्हणाले वेळेवर आलात. गोळी बंद. सलाईन चालू आहे. नाकातून नळी घातलीय, आता पाणी आणि पातळ अन्न तिच्यातून जातं, त्यामुळे गिळायचा त्रास वाचला. दुखण्यावर मॉर्फिनचं पातळ औषध दिलंय. मी ते नाव ऐकून घाबरलो होतो, पण काल रात्री तो किती दिवसांनी सहा तास सलग झोपला. तिसरा डोस क्रिएटिनिन खाली आलं तरच, नाहीतर पुढे ढकलणार.

मेडिकलवाल्याला मी केमो चालू आहे हे सांगितलंच नव्हतं. चूक माझी.

रात्रपाळी सिस्टर, लघवी मोजायचं भांडं आणलंय. दिवसाला किती व्हायला पाहिजे?

रात्रपाळी
मंगळवार, दुपारी २:१०

फार बरं वाटलं वाचून. मॉर्फिनला घाबरू नका, सांगितलं तेवढंच द्या. त्याने शौचाला घट्ट होतं, त्याचं औषध सोबत लिहून दिलंय का बघा, नसेल तर आजच मागा.

लघवीचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, भावाचं वजन आणि सलाईन बघून ते सांगतील. घरी गेल्यावर रोज एक पान : किती पाणी नळीतून गेलं, किती लघवी झाली, उलटी किती वेळा, वजन किती. कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं का, तेही लिहा, सिसप्लॅटिन कानालाही लागतं. येताना ती वही आणा.

जुनी प्रयोगशाळा
मंगळवार, दुपारी २:३०

वाटसरू, वहीत तारखेसोबत वेळही लिहा. आणि उद्याचं क्रिएटिनिन आलं की इथे कळवा.